टो डॉली

मोटारगाडीची पुढील दोन चाके उचलून धरून ती दुसऱ्या वाहनामागे ओढत नेण्यासाठी वापरण्यात येणारी दोन चाकांची ठेंगणी जोडगाडी. मोटारीची मागील चाके रस्त्यावरच फिरत राहतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत घर हलविताना ट्रकमागे, अथवा प्रवासाच्या घर-मोटारीमागे लहान मोटार नेण्यासाठी डॉली वापरतात. ब्रिटनमध्ये मात्र बंद पडलेले वाहन हलविण्यापुरताच तिचा वापर अभिप्रेत आहे.

ही पद्धत पुढील चाकांना शक्ती पुरविणाऱ्या लहान मोटारीस विशेष सोयीची ठरते. १९५९ मधील ब्रिटिश ‘मिनी’नंतर अशा रचनेच्या लहान मोटारी पुष्कळ निघाल्या, भारतात १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० ही त्यांपैकीच होय. यांत एंजिन व गिअरपेटी पुढेच असतात. पुढील चाके डॉलीवर स्थिर राहिल्याने गिअरपेटीही स्थिर राहते आणि मागील चाके केवळ आपल्या बेअरिंगांवर फिरतात. याउलट चालक चाके रस्त्यावर फिरत ठेवल्यास ती गिअरपेटीतील भागांनाही फिरवितात. स्वयंचलित गिअरपेटीत तेल खेळविणारा पंप सामान्यतः एंजिनावर चालतो. एंजिन बंद असताना तेल पोहोचत नाही व फिरणारे भाग वंगणावाचून तापून झिजतात. गिअर ‘न्यूट्रल’मध्ये ठेवला की हा धोका टळतो, ही समजूत चुकीची आहे. म्हणून अशी मोटार डॉलीवर उलटी चढवू नये; तसे केल्यास वजनाचा भार मागे जाऊन ती हेलकावेही खाते. अँबॅसडर, पद्मिनी यांसारख्या मागील चाकांनी चालणाऱ्या मोटारीचा प्रोपेलर शाफ्ट बहुधा सोडवावा लागतो. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या बहुतेक मोटारींस डॉली वर्ज्य असते.

मोटार चढविण्यापूर्वी डॉली व ओढणारे वाहन सपाट जागी एका रेषेत उभे करतात. चाके बैठकीवर आली की टायरांवरून रुंद पट्टे घट्ट आवळतात, सुरक्षा साखळ्या अडकवितात व मागील दिव्यांची जोडणी करतात. बैठक खुंटीभोवती वळणारी असेल, तर मोटारीचे सुकाणू सरळ ठेवून कुलूपबंद करतात; न वळणाऱ्या बैठकीच्या काही डॉलींत ते मोकळे ठेवावे लागते. याबाबत निर्मात्याची सूचनाच प्रमाण मानावी. शेवटी हातब्रेक सोडतात. हे नेमके विसरले जाते व मागील टायर फरफटत जातात. ओढणारा ट्रक अवजड असला, तर धूर दिसेपर्यंत चालकास त्याची जाणीवही होत नाही.

ओढणारे वाहन मोटारीपेक्षा पुरेसे जड असावे लागते. काही डॉलींना ब्रेक असतात. वेग कमी होताना जोडावर येणाऱ्या दाबाने किंवा विजेने ते लागतात. ब्रेक नसल्यास सर्व भार पुढील वाहनावर पडतो व थांबण्याचे अंतर वाढते. अमेरिकेत भाड्याच्या डॉलीसाठी ताशी ५५ मैल (सु. ८८ किमी.) ही वेगमर्यादा प्रचलित आहे.

डॉलीसह मागे जाणे जवळजवळ अशक्य असते. एक सांधा ओढणाऱ्या वाहनापाशी व दुसरा डॉलीच्या बैठकीत असल्याने सारी जोडणी काही हातांतच दुमडते आणि मोटारीच्या पत्र्यास इजा होते. त्यामुळे पेट्रोल पंपावर वा वाहनतळावर शिरण्यापूर्वीच पुढून बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी लागते; चूक झाल्यास मोटार उतरवून डॉली सोडविण्याखेरीज उपाय उरत नाही. पहिल्या काही किलोमीटरांत टायर बैठकीत बसून पट्टे सैल पडतात. तेव्हा थांबून ते पुन्हा आवळतात आणि पुढेही प्रत्येक थांब्यावर तपासतात.