साब : एका तऱ्हेवाईक मोटारीची चढती-उतरती कमान

आपल्या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास, संगीत, सहकार अशा अनेक विषयांवर बोलले गेले आहे. मोटारीवर बहुधा कोणी बोलले नसावे. त्या दिवशी सभागृहात जे विस्कळीतपणे सांगितले, तेच येथे जरा नीट मांडून देत आहे. मी मोटारींचा जाणकार नाही. जवळजवळ चाळीस वर्षे बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. पण रोग्याला त्याचा पूर्वेतिहास विचारण्याची सवय एकदा जडली, की ती माणसांपुरती राहत नाही.

माझी मुलगी व जावई नोकरीनिमित्त स्वीडनमधील गोटेबर्ग शहरी राहतात. त्यांच्याकडे गेलो असता जावयाने एके दिवशी तासाभराच्या अंतरावरील ट्रोल्हेट्टान या गावी नेले. नदी, धबधबा, जलविद्युत केंद्र आणि कारखाने असे हे गाव. तेथे जुन्या कारखान्यांच्या आवारात 'साब' मोटारींचे संग्रहालय आहे. नाव ऐकून मला हसू आले. आपल्याकडे रिक्षावालाही आपल्याला 'साब' म्हणतो! पण आत शिरल्यावर हसू ओसरले. एक वृद्ध गृहस्थ प्रत्येक गाडीपुढे थांबून नातवाला काही सांगत होते. भाषा कळत नव्हती, सूर मात्र ओळखीचा होता. विकल्या गेलेल्या वाड्यासमोर उभे राहून मुलांना माजघर कोठे होते ते दाखवताना आपला सूर असाच लागतो.

'साब' म्हणजे 'स्वेन्स्का एरोप्लान आक्तीबोलागेट' या नावाची आद्याक्षरे. मराठीत 'स्वीडिश विमान कंपनी'. ती १९३७ साली स्थापन झाली. देशाच्या हवाई दलासाठी विमाने बांधणे हे तिचे काम. दुसरे महायुद्ध संपले तशी लढाऊ विमानांची मागणी घटणार हे उघड दिसू लागले. कारखाना आहे, कुशल कामगार आहेत, काम मात्र कमी होणार; मग कंपनीने लहान मोटार काढायचे ठरवले. गुन्नार ल्यूंगस्ट्रोम हे अभियंते आणि सिक्स्टन सासोन हे रेखाकार या कामाला लागले. सासोन हे मोठे कल्पक गृहस्थ होते. हॅसलब्लाड कॅमेऱ्याचे रूपही त्यांनीच घडवले. जून १९४७ मध्ये नमुना लोकांना दाखवला आणि १९४९ च्या अखेरीस 'साब ९२' तयार होऊन बाहेर पडू लागली.

या मंडळींना मोटार कशी 'असते' हे फारसे ठाऊक नव्हते. वारा कसा वाहतो हे मात्र पक्के ठाऊक होते. त्यामुळे गाडीचा आकार विमानाच्या पंखासारखा झाला. पुढून गोलसर, मागे निमुळता होत गेलेला. त्या काळी बहुतेक मोटारींची मागची चाके इंजिनाने फिरत. साबने पुढची चाके फिरवली, कारण बर्फात गाडी ढकलण्यापेक्षा ओढलेली बरी. इंजिन दोनच सिलिंडरचे, ७६४ घनसेंटीमीटरचे, २५ अश्वशक्तीचे आणि टू-स्ट्रोक. सुरुवातीची काही वर्षे सर्व गाड्या एकाच हिरव्या रंगात मिळत.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको. जुन्या बजाज स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना पंपावरचा मुलगा मापाने ऑइल घाले, ते आठवावे. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबरच. आता एक अडचण पाहा. आंबोलीचा घाट उतरताना आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. पेट्रोल जवळजवळ बंद होते, पण चाके इंजिनाला फिरवतच राहतात. पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. इंजिन कोरडे फिरून जळायची भीती. साबने यावर उपाय काढला तो सायकलचा. सायकलवर पाय थांबवले तरी मागचे चाक फिरत राहते, त्याला आपण फ्रीव्हील म्हणतो. तसेच फ्रीव्हील साबने मोटारीत बसवले. उतारावर पाय उचलला की इंजिन चाकांपासून सुटे होऊन शांतपणे चालू राहायचे. उपाय नामी, पण इंजिनाचा रोध गेल्याने उतारावर सगळा भार ब्रेकवर पडे. साबची बहुतेक वैशिष्ट्ये अशीच जन्मली. वेगळे दिसावे म्हणून नव्हे, तर समोरच्या अडचणीचा स्वतःच्या डोक्याने विचार केला म्हणून.

या चिमुकल्या गाडीला नाव मिळवून दिले एरिक कार्लसन या धिप्पाड चालकाने. त्याने ब्रिटनची आरएसी रॅली १९६०, १९६१ आणि १९६२ अशी सलग तीन वर्षे जिंकली; पुढे १९६२ व १९६३ ची मॉन्टे कार्लोही. इंजिनाची ताकद तुटपुंजी, म्हणून तो वळणावरही वेग सोडत नसे. उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरी आणि डाव्या पायाने ब्रेक मारी. या नादात गाडी कधी कधी उलटायची. म्हणून स्वीडिश लोक त्याला 'छपरावरचा कार्लसन' म्हणू लागले. आस्ट्रिड लिंडग्रेन या बालसाहित्यिकेच्या एका लाडक्या पात्राचे हे नाव. मोटारचालकाला मुलांच्या गोष्टीतले नाव देणारा समाज मला फार आवडला.

साहित्यिकांशी साबचा आणखी एक संबंध आहे. अमेरिकन कादंबरीकार कुर्ट व्होनेगट यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समध्ये साब विकण्याचे दुकान काढले होते. ते चालले नाही. पुढे म्हातारपणी त्यांनी एका लेखात गमतीने म्हटले, की आपण त्या स्वीडिश गाडीची निंदा केली म्हणूनच आपल्याला नोबेल मिळाले नसावे.

१९६७ मध्ये टू-स्ट्रोकची सद्दी संपत आली. साबने 'फोर्ड'चे चार सिलिंडरचे इंजिन घेऊन आपल्या जुन्या गाडीत बसवले. त्याच वर्षी 'साब ९९' लोकांपुढे आली. तिचेही इंजिन सुरुवातीला इंग्लंडहून येत असे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. ९९ मध्ये गाडीची किल्ली स्टिअरिंगजवळ नव्हे, तर दोन पुढच्या आसनांच्या मध्ये होती. अपघातात चालकाचा गुडघा किल्लीवर आदळून फुटू नये, हा त्यामागचा एक विचार. आणि किल्ली काढायची तर गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकावी लागे. म्हणजे चोराला गिअरच हलवता येत नसे. १९७० मध्ये समोरच्या दिव्यांना वायपर आले, १९७१ मध्ये ऊब देणारे आसन आले. स्वीडनच्या रस्त्यावर मूस हा उंच पायांचा, अवाढव्य हरणवर्गीय प्राणी आडवा येतो. धडकेत त्याचे पाय गाडीला लागतात आणि धड थेट समोरच्या काचेवर येते. म्हणून साबने काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब विशेष मजबूत केले.

सर्वांत मोठी देणगी टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्याच्या झोताने एक छोटे चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. टर्बो साबने शोधला नाही. तिच्या आधी जर्मन कंपन्यांनी मोटारींत बसवला होता. पण त्या गाड्या शर्यतीच्या वळणाच्या. जोर उशिरा येई आणि आला की एकदम अंगावर येई. १९६९ मध्ये साब ही 'स्कानिया' या ट्रक बनवणाऱ्या कंपनीशी एक झाली होती आणि ट्रकवाल्यांना टर्बोचा सराव होता. साबने लहान टर्बो घेतला, जादा दाब सोडून देणारी झडप बसवली आणि रोजच्या रहदारीत कमी वेगालाही जोर मिळेल असे केले. १९७७ मध्ये '९९ टर्बो' आली. आज आपल्या गल्लीतल्या छोट्या मोटारीच्या पाठीवर 'टर्बो' लिहिलेले दिसते, त्यामागे हीच वाट आहे.

१९७८ मध्ये आलेली 'साब ९००' हा या कथेचा कळस. पंधरा वर्षांत ती ९ लाखांच्या घरात खपली. प्राध्यापक, वास्तुरचनाकार, डॉक्टर अशा मंडळींची ती गाडी ठरली. मग घसरण का लागली?

एकाच कारणावर बोट ठेवणे आम्हा जैनांच्या अनेकांताला मानवत नाही. तेव्हा बाजू एकेक करून पाहू.

पहिली बाजू हिशेबाची. आपल्या या व्याख्यानमालेची पुस्तिका छापताना अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च ३०० प्रतींना जेवढा, तेवढाच ३००० प्रतींना. प्रती कमी म्हणून दर प्रतीमागे बोजा जास्त. मोटारीचेही असेच. नवी गाडी आखण्याचा, तिची चाचणी घेण्याचा खर्च गाड्या १ लाख विका की १० लाख, फारसा बदलत नाही. साबची उत्तम वर्षेही सव्वा ते दीड लाख गाड्यांच्या पलीकडे गेली नाहीत. म्हणून 'साब ९०००' ही १९८४ ची गाडी तिने इटालियन कंपन्यांबरोबर सांगाडा वाटून घेऊन केली. ते निभावले. पण तोटा वाढतच गेला आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मोटार विभागाचा निम्मा हिस्सा घेतला, २००० मध्ये उरलेलाही.

दुसरी बाजू मालकाची. १९९३ मध्ये आलेली नवी ९०० ही जनरल मोटर्सच्याच ओपेल गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती. पुढे तर कहर झाला. २००४ मध्ये जपानच्या सुबारूची गाडी थोडी सजवून साब म्हणून अमेरिकेत विकायला आणली. लोकांनी तिला 'साबारू' म्हणून चिडवले. पाठोपाठ शेव्हरोलेची बोजड गाडीही साबचे चिन्ह लावून उभी केली. किल्ली मात्र आठवणीने दोन आसनांच्या मध्ये ठेवली होती! आम्ही होमिओपॅथ औषध पातळ करत जातो आणि त्यावर लोक हसतात. येथे मात्र मूळ द्रव्य इतके पातळ झाले, की माझ्यासारख्यालाही त्याचा गुण येईल असे म्हणवेना.

तिसरी बाजू साबच्याच अभियंत्यांची, आणि तीही सांगितली पाहिजे. मालकाने दिलेला तयार सांगाडा आमच्या कसोटीला उतरत नाही, म्हणून त्यांनी तो इतका बदलला, की जो खर्च वाचवायचा तो पुरता वाचलाच नाही. त्यांचा अभिमान खरा होता, पण अभिमानाचे बिल कोणाला तरी भरावे लागते. जनरल मोटर्स मध्ये पडली नसती, तर साब कदाचित १९९० मध्येच संपली असती, हेही प्रामाणिकपणे मानावे लागेल.

शेवट झटपट झाला. २००८ च्या मंदीत जनरल मोटर्स स्वतःच आजारी पडली. २००९ मध्ये कोनिगसेग या स्वीडिश कंपनीशी ठरत आलेला सौदा फिसकटला. २०१० मध्ये स्पायकर या हॉलंडच्या अगदी छोट्या कंपनीने साब घेतली. २०११ च्या वसंतात सुटे भाग पुरवणाऱ्यांची देणी थकली आणि कारखाना थांबला. चिनी भांडवल आणायची खटपट झाली. जनरल मोटर्सने आपले तंत्रज्ञान त्यांच्या हाती जाऊ देण्यास नकार दिला. १९ डिसेंबर २०११ रोजी साबने दिवाळखोरी जाहीर करण्यासाठी अर्ज केला. हजारो कामगारांचे गाव ख्रिसमसच्या तोंडावर रिकामे झाले. विमाने बनवणारी मूळ साब मात्र वेगळी होती. ती आजही ग्रिपेन हे लढाऊ विमान बांधते. संग्रहालयही लिलावातून वाचले, ते गावाच्या नगरपालिकेने आणि इतरांनी पुढे होऊन पैसे घातले म्हणून.

वाचकहो, हे सारे येथे का सांगितले? गेल्या वर्षी आपल्या कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आला, तो आपणांस ठाऊक आहे. एक मोठी संस्था आपली व्याख्यानमाला चालवायला घेण्यास तयार आहे. सभागृह, जाहिरात, पैसा त्यांचा. वक्ते आणि विषयही तेच ठरवणार. नाव आपले राहणार. आपल्या खुर्च्या रिकाम्या राहतात, तरुण फिरकत नाहीत, वर्गणी पुरत नाही. हे सगळे खरे आहे आणि मी त्याकडे डोळेझाक करत नाही. हिशेब न जमणारा अभिमान किती टिकतो, हे वर पाहिलेच.

पण मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता आठवावी. साबने फोर्डचे इंजिन घेतले, इंग्लंडचे घेतले, टर्बोचा सराव ट्रकवाल्यांकडून घेतला. उसने घेऊन ती बिघडली नाही. त्या वेळी काय घ्यायचे, कशासाठी घ्यायचे आणि काय हातचे सोडायचे नाही, हे ट्रोल्हेट्टानमध्ये ठरत होते. नंतर ते दुसरीकडे ठरू लागले. नाव आणि किल्लीची जागा तेवढी तशीच राहिली.

तेव्हा माझे मत असे : सभागृह घ्यावे, जाहिरात घ्यावी, पैसाही घ्यावा, वक्ता आणि विषय निवडण्याचा अधिकार देऊ नये. तेवढ्यावर ते राजी नसतील, तर वर्षाला सातऐवजी चारच व्याख्याने करावीत, पण आपली करावीत. वार्षिक सभेत हा प्रस्ताव मताला येईल. आपण सर्वांनी त्या दिवशी अवश्य यावे, माझ्या विरुद्ध मत द्यायचे असले तरी यावे. ट्रोल्हेट्टानच्या कामगारांना त्यांच्या कारखान्याबद्दल मत द्यायची संधी कोणी दिली नव्हती.