सोळा वर्षं, एकही दांडी नाही!

दोस्तांनो, तुमच्या शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देतात का? ते मिळवणारं वर्गात एखादंच असतं. मध्येच ताप येतो, नाहीतर मावशीचं लग्न निघतं! पण अमेरिकेतल्या एका खेळाडूनं सोळा वर्षांहून जास्त काळ दांडी मारली नाही. त्याचं नाव कॅल रिपकेन ज्युनियर, आणि त्याची शाळा म्हणजे बेसबॉलचं मैदान!

आपल्याकडे बेसबॉल फारसा कुणी खेळत नाही. तिथं एका संघाला साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळावे लागतात. म्हणजे जवळजवळ रोज एक, बरं का! त्यातून कॅल बरीच वर्षं शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये खेळला. गोळीसारखे येणारे चेंडू अडवायचे आणि अंगावर धावून येणाऱ्याला चुकवत फेकायचे. दुखापत ठरलेलीच!

३० मे १९८२ ला त्याची ही हजेरी सुरू झाली. संघ होता बाल्टिमोर ओरिओल्स. कॅलचे वडील त्याच संघाचे प्रशिक्षक. १९८७ मध्ये तर ते व्यवस्थापक झाले. पण १९८८ च्या हंगामात संघ पहिले सहा सामने हरला आणि त्यांना काढून टाकलं. कॅलच्या मनाला काय वाटलं असेल? तरीही पुढच्या सामन्यात तो हजर होता.

आधीचा विक्रम होता लू गेरिगचा. न्यूयॉर्क यांकीजचा हा खेळाडू १९२५ पासून सलग २१३० सामने खेळला. २ मे १९३९ ला त्यानं आपण होऊन सांगितलं, आज मला खेळवू नका. हातापायांतली ताकद जात होती. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसांचा तो असाध्य रोग होता. १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी गेरिग गेला. अमेरिकेत तो रोग आजही त्याच्याच नावानं ओळखतात.

कॅलचा विक्रमही एकदा थोडक्यात वाचला. जून १९९३ मध्ये मैदानावरच्या धक्काबुक्कीत त्याचा गुडघा मुरगळला. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळता येईल की नाही, याची त्यालाच खात्री नव्हती. पण खेळला! फलंदाजी बिघडली की लोक म्हणत, ‘हा विश्रांती का घेत नाही? विक्रमासाठी संघाचं नुकसान करतो.’ हा आक्षेप अगदीच खोटा होता असं मला वाटत नाही. थकलेला माणूस चुका करतोच. पण रोज त्याचं नाव यादीत लिहिणारे व्यवस्थापक तरी काय वेडे होते?

मग उजाडला ६ सप्टेंबर १९९५. बाल्टिमोरचं मैदान खचाखच भरलेलं. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनही आले होते. चौथ्या डावात कॅलनं होम रन ठोकला! बेसबॉलचा सामना अर्धा झाला की हिशोबात धरतात. तो क्षण आला आणि मैदानामागच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवरचा भलामोठा आकडा बदलला : २१३१! टाळ्या थांबेचनात. कॅल बाहेर येऊन हात हलवायचा, पुन्हा आत जायचा. शेवटी सोबत्यांनी त्याला ढकलूनच बाहेर काढलं. मग त्यानं लोकांशी हात मिळवत अख्ख्या मैदानाला फेरी मारली. खेळ तब्बल २२ मिनिटं थांबला होता!

यानंतरही तो आणखी तीन वर्षं रोज खेळत राहिला. २० सप्टेंबर १९९८ ला सामन्याच्या थोडंच आधी तो व्यवस्थापकांना म्हणाला, आज मी बसतो. त्याच्या जागी रायन मायनर या नवख्या पोराला पाठवलं, तर त्याला आधी ही थट्टाच वाटली! पहिला गडी बाद झाला आणि समोरचा संघ उठून उभा राहिला, टाळ्या वाजवू लागला. तो संघ कोणता होता माहीत आहे? यांकीज, लू गेरिगचा संघ!

आकडा थांबला होता २६३२ वर. २००१ मध्ये कॅल निवृत्त झाला. त्या आकड्याच्या जवळपासही अजून कुणी पोचलेलं नाही.