वसतिगृहाच्या खोलीत कोण राहणार?

जून-जुलै आला की आपल्या वस्त्यांतून एक चित्र हमखास दिसते. दहावी-बारावी पास झालेला मुलगा किंवा मुलगी जिल्ह्याच्या गावी निघते. सोबत कपड्यांची पेटी, वळकटी, आईने बांधून दिलेली भाकरी-चटणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला जातीचा दाखला. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात नंबर लागला, तर शिक्षण होणार. नाही लागला, तर बापाबरोबर कामाला जावे लागणार. आज आपल्या समाजात जे शिक्षक, वकील, परिचारिका, कारकून दिसतात, त्यांतले कितीतरी अशाच एका खोलीतून पुढे आले.

ही खोली आपल्याला सहजासहजी मिळालेली नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 4 जानेवारी 1925 रोजी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. पोराला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्या-खाण्याची सोय पाहिजे, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

अशा एखाद्या वसतिगृहाभोवती उद्या काटेरी तारा लावल्या आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांत माणसे कोंडली, तर? वाचकहो, आम्ही मनचे काही सांगत नाही. आपल्याच देशात हे दोन ठिकाणी घडू लागले होते. एका ठिकाणी थांबले, एका ठिकाणी थांबले नाही.

पहिले ठिकाण उत्तर प्रदेशातील गाझियाबाद. तेथील नंदग्राम भागात बहुजन समाज पक्षाच्या राजवटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आंबेडकर वसतिगृह बांधले गेले. पुढे ते काही वर्षे वापराविना पडून राहिले. 2020 मध्ये त्याच इमारतीत राज्यातील पहिले डिटेन्शन सेंटर, म्हणजे बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांना परत पाठवीपर्यंत डांबून ठेवण्याचे केंद्र, सुरू करण्याची तयारी झाली. 17 सप्टेंबर 2020 रोजी बहेन मायावती यांनी याचा जाहीर निषेध केला आणि हा निर्णय मागे घेण्याची मागणी केली. चोहीकडून टीका होताच सरकारने लागलीच माघार घेतली.

दुसरे ठिकाण कर्नाटकातील सोंडेकोप्पा, बंगळूरजवळच्या नेलमंगल तालुक्यातले गाव. तेथेही समाजकल्याण खात्याचे वसतिगृह होते. विद्यार्थी कमी झाले म्हणून ते बंद पडले होते. 2019 मध्ये त्याचे डिटेन्शन सेंटर झाले. भिंतीवर काटेरी तार आली, पहाऱ्याचे मनोरे उभे राहिले. तेथे सरकारला माघार घ्यावी लागली नाही.

या दोन्ही गोष्टींत एक धागा समान आहे, तो आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. दोन्ही वसतिगृहे आधी रिकामी झाली आणि मग दुसऱ्या कामाला लावली गेली. मुलांना हाकलून कोणी इमारत घेतली नाही. तशी गरजच पडली नाही. डागडुजी होत नाही, पाणी येत नाही, जेवण निकृष्ट मिळते, मुले निघून जातात, मग कुलूप लागते. कुलूप लागलेली इमारत सरकारी कागदावर ‘विनावापर’ ठरते, आणि विनावापर इमारतीला मागणी करणारे खाते कधी ना कधी येतेच.

आता पैशाचा हिशेब पाहू. आसामात गोलपाडा जिल्ह्यात मटिया येथे 3,000 माणसांसाठी केंद्र बांधले गेले. त्यासाठी केंद्र सरकारने सुमारे 46 कोटी रुपये मंजूर केले. भागाकार केला तर माणशी दीड लाखाहून अधिक रुपये नुसत्या बांधकामाचे. पहारेकरी, जेवणखाण, औषधपाणी वेगळे. इकडे आपल्या राज्यात वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यातून वर्षाला 60,000 रुपये मिळतात. वसतिगृहे पुरत नाहीत, म्हणूनच ही योजना काढावी लागली ना? मग तिजोरीतला रुपया आधी कोठे जावा, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

कोणी म्हणेल, परदेशी लोकांशी आपला काय संबंध? बंधू-भगिनींनो, आसामकडे पाहा. 31 ऑगस्ट 2019 रोजी तेथील नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि 19 लाखांहून अधिक माणसे यादीबाहेर राहिली. मटियाच्या बांधकामावर रोजंदारीने राबणाऱ्या मजुरांत हाजोंग आदिवासी बायका होत्या. त्यांतल्या काहींची नावे यादीत नव्हती, तशा बातम्या त्याच वर्षी आल्या. आपल्यालाच ज्यात डांबतील, अशी भीती असलेल्या भिंतीसाठी त्या पोटापायी विटा वाहत होत्या. गरिबाजवळ कागद नसतो. आपल्या घरातल्या आजीजवळ जन्माचा दाखला आहे का, हे एकदा विचारून पाहा.

परदेशी नागरिकांविषयी कायदा असू नये, असे आमचे म्हणणे नाही. कोणाला परत पाठवायचे तर कायद्याने, न्यायालयासमोर आणि माणुसकीने पाठवावे. पण त्यासाठी शिकणाऱ्या लेकरांची जागा घेऊ नये, एवढे आमचे म्हणणे आहे.

हा विषय आपल्या दारातही आलेला आहे. 2019 मध्ये नवी मुंबईत नेरूळ येथे अशा केंद्रासाठी राज्याच्या गृहखात्याने सिडकोकडे जागा मागितली होती. सरकार बदलल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यात असे केंद्र होऊ देणार नाही, असे आश्वासन दिले. पुढे पुन्हा सरकार बदलले आणि डिसेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत असे केंद्र उभारण्याचे बोलून दाखविले. उत्तर प्रदेशात तर नोव्हेंबर 2025 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात तात्पुरती केंद्रे उघडण्याचे आदेश निघाले. इतक्या इमारती कोठून आणणार? अधिकाऱ्यांची नजर रिकाम्या सरकारी इमारतींकडेच जाणार.

म्हणून आमची विनंती, विशेषतः महिला मंडळांतील भगिनींना. महिन्यातल्या एका रविवारी चौघी-पाचजणींनी मिळून जवळच्या शासकीय वसतिगृहात जावे. गृहपालांना विचारावे, एकूण जागा किती, भरलेल्या किती. पाण्याची टाकी पाहावी, मुलींच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का ते पाहावे, भाजीची चव घ्यावी. जागा रिकाम्या असतील तर वस्तीतल्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत. वसतिगृह बंद पडलेले असेल तर ते का बंद पडले आणि पुन्हा कधी उघडणार, हे समाजकल्याण सहायक आयुक्तांना लेखी विचारावे. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, ग्रामसभेत ठराव मांडावा.

गाझियाबादला आवाज उठला आणि वसतिगृह वाचले. पण आवाज उठवण्याची पाळीच येऊ नये असे वाटत असेल, तर खोल्याखोल्यांतून मुले अभ्यास करताना दिसली पाहिजेत. भरलेल्या वसतिगृहावर कोणी सहसा हात टाकत नाही.

जय भीम!