हरमलचा कातळ, फोटो आणि एडिटिंग

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर उत्तरेकडे चालत गेलं की डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरलेली दिसते. खाली लाटांनी झिजवलेले काळे खडक, वर तांबूस जांभा आणि कडेकडेने गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाणारी वाट. इथले फोटो कुणाला दाखवले की दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘एडिट केलंय ना, मग खोटंच’ हे एक आणि ‘आता काय, सॉफ्टवेअरमध्ये सगळं जमतं’ हे दुसरं. दोन्ही चूक आहेत.

पहिल्या वाक्यामागे अशी समजूत असते की कॅमेऱ्यातून निघतो तो फोटो अस्सल. पण बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या या रंगीत फिल्टरांच्या जाळीला 1976 साली पेटंट मिळालं. पुढे पांढऱ्या रंगाचा तोल, कॉन्ट्रास्ट, धार हे सगळं ठरवून कॅमेरा जेपेग तयार करतो. मोबाइल तर बहुतेक वेळा एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र करतो. म्हणजे एडिटिंग होतंच. ते तुम्ही करता की कंपनीच्या अभियंत्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, एवढाच प्रश्न उरतो. ज्याने कातळ डोळ्यांनी पाहिला, त्याने तो निर्णय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

हे आजचंही नाही. अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या हाफ डोम या प्रचंड कड्याचा अॅन्सेल अॅडम्स यांनी 1927 साली काढलेला फोटो जगप्रसिद्ध आहे. पिवळ्या फिल्टरने एक प्लेट घेतल्यावर आकाश हवं तितकं गडद येणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. शेवटची प्लेट त्यांनी गडद लाल फिल्टर लावून घेतली. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कड्याचा दरारा फोटोत उतरला. दगडाची एक रेघही त्यांनी बदलली नव्हती.

आता दुसरं वाक्य. रॉ फाइलमध्ये, म्हणजे जेपेग बनण्याआधीच्या सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, खूप माहिती असते हे खरं. आठ बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या मावतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये 16,384. म्हणून मावळतीला काळवंडलेल्या खडकातले थर, भेगा बऱ्याच प्रमाणात परत आणता येतात. पण लाटेचा फेस एकदा पूर्ण पांढरा फुटला की तिथे माहितीच उरत नाही. स्लायडर कितीही ओढा, फार तर राखाडी डाग मिळतो. तेव्हा प्रकाश मोजताना फेस सांभाळावा, खडक थोडा अंधारात गेला तरी चालेल. दोन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडायचे ठरवलं तर दोन क्लिकांमध्ये लाट सरकलेली असते. समुद्र एकाच फ्रेममधून घ्या, नाहीतर पाण्याच्या कडेला दुहेरी सावल्या दिसतात.

सर्वांत जास्त नासाडी होते ती रंगात. जांभ्याला तांबडा रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. ‘सॅच्युरेशन वाढवलं की दगड खुलतो’ असं समजून स्लायडर पुढे नेला की लाल रंग सगळ्यांआधी कमाल मर्यादेला भिडतो. मग फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून बघा: जांभ्याची छिद्रं, त्यातल्या पिवळसर नसा, कडेचं शेवाळ सगळं बुजून नारिंगी लेप तेवढा राहतो. क्लॅरिटीचा स्लायडर अति ओढला तर खडक आणि आकाश भेटतात त्या रेषेवर पांढरी किनार उमटते. ती दिसली की हात आखडता घ्यावा.

ओल्या खडकावरची चकाकीही नंतर काढता येईल, असं अनेकांना वाटतं. चकाकीखाली झाकला गेलेला रंग टिपलाच गेलेला नसतो. त्यासाठी जागेवरच पोलरायझर फिल्टर लावून तो फिरवावा लागतो.

प्रकाशाची दिशा तर कुठल्याच सॉफ्टवेअरला नीट जमत नाही. हरमलला डिसेंबरअखेर सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे 24 अंश दक्षिणेला मावळतो, त्यामुळे सोंडेच्या किनाऱ्याकडच्या बाजूवर तिरपं ऊन पडतं आणि प्रत्येक खाच उठून दिसते. जूनमध्ये तो तितकाच उत्तरेला सरकतो. ढग नसले तरी तीच बाजू सावलीत जाते. सावलीतल्या खडकाला एडिटिंगमध्ये सोनेरी रंग फासला तरी खाचांच्या सावल्या येणार कुठून?

मग खोटेपणा कुठे सुरू होतो? जागा बदलली की. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावर मोठी टीका झाली. आज खडकाजवळची होडी, वाळूवरचं जाळं, शॅकचं छप्पर मोबाइलवर बोटाने पुसता येतं. खडकाला एक नवं टोकही फुटतं. घरच्या भिंतीवर लावायला कुणी असं केलं तर हरकत नाही. पण तोच फोटो हरमल म्हणून पर्यटकाला, वाचकाला किंवा स्पर्धेच्या परीक्षकाला दाखवणं ही फसवणूक आहे. होडी आणि जाळं हा त्या किनाऱ्यावर जगणाऱ्या माणसांचा पुरावा आहे, तो कचरा समजून पुसला जातो याचं मला वाईट वाटतं.

प्रकाश, रंग, कॉन्ट्रास्ट यांवर मनसोक्त काम करा. मूळ रॉ फाइल मात्र जपून ठेवा. आणि चौकटीतली एखादी वस्तू काढली किंवा घातली असेल, तर फोटोखाली तसं स्पष्ट लिहा.