रेशीम, सोडा आणि दहावीचं गणित

कुंभकोणमजवळचं तिरुभुवनम् हे रेशमी साड्या विणणारं गाव. इथल्या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रसायनशास्त्राचा गृहपाठ शिकवायला मला याहून चांगला विषय सुचत नाही.

कच्चं रेशीम हाताला खरखरीत लागतं, कारण फायब्रॉइनच्या तंतूंवर सेरिसिन नावाच्या चिकट प्रथिनाचा थर असतो. वजनात त्याचा वाटा साधारण पाव. रंगवण्याआधी साबण-सोड्याच्या गरम पाण्यात तो काढतात. मगच झळाळी येते. म्हणजे चार किलो कच्च्या रेशमाचं हाती तीनच किलो उरतं. शेकडेवारीचं हे गणित मुलं चटकन सोडवतात.

घोळ होतो तो सोड्यापाशी. समजा, कृतीत लिटरला ५ ग्रॅम निर्जल सोडा सांगितलाय आणि आपल्याकडे आहे स्फटिकी धुण्याचा सोडा. तोही पाचच ग्रॅम घालायचा? मुळीच नाही! निर्जल सोडियम कार्बोनेटचं रेणुवस्तुमान १०६. स्फटिकात प्रत्येक एककामागे पाण्याचे १० रेणू, म्हणजे आणखी १८०, एकूण २८६. पाचाला २८६ ने गुणून १०६ ने भागलं की येतात सुमारे १३.५ ग्रॅम. त्यातले साडेआठ ग्रॅम नुसतं पाणी!

सूत्र पाठ असूनही इथे मार्क जातात, कारण बरणीत नेमकं काय आहे हे मुलं आधी लिहीतच नाहीत. माझा आग्रह एवढाच, की पहिल्या ओळीत पदार्थाचं पूर्ण सूत्र लिहा, पाण्याच्या रेणूंसकट. आकडेमोड त्यानंतर.