पोलिसी लाँचचे उत्तरायुष्य

जर्मनीतील हॅम्बुर्ग हे मोठे बंदर खरे, पण ते समुद्रकाठी वसलेले नाही. एल्ब नदीच्या मुखापासून ते सुमारे १०० किलोमीटर आत आहे. तरीही भरती-ओहोटी तेथवर पोहोचते, आणि दिवसातून दोनदा नदीचे पाणी चढते व उतरते. या बंदरात १९२८ साली बांधलेली वाफेवर चालणारी एक लहानशी पोलिसी लाँच आज जतन करून ठेवलेली आहे. तिचे नाव ‘ऑटो लाउफर’.

त्या काळी जहाजांतील बराचसा माल पडावांत उतरवला जाई, आणि कालव्यांच्या वाटेने विटांच्या उंच वखारींपर्यंत नेला जाई. कॉफी, चहा, मसाले यांची पोती उघड्या पडावांतून हिंडत असता त्यांवर हात मारणे अवघड नव्हते. अशा ठिकाणी रस्त्यावरचा शिपाई काय करणार? बंदराचे रस्ते पाण्याचे होते. म्हणून पहाराही पाण्यावरच ठेवणे भाग होते. मोठ्या जहाजांच्या मधून वाट काढील, चटकन वळेल, बुडत्याला वर ओढून घेता येईल, असे लहान जलयान त्यासाठी हवे होते. स्ट्युल्केन यांच्या गोदीत बांधलेली ही लाँच त्याच कामाची.

पुढे ते बंदरच पालटले. १९६६ साली स्ट्युल्केनची गोदी ब्लोम आणि फॉस या कारखान्यात विलीन झाली. १९६८ च्या मे महिन्यात केवळ कंटेनर वाहणारे पहिले जहाज हॅम्बुर्गला लागले. माल कुलूपबंद पोलादी पेट्यांतून येऊ लागला. पडाव आणि वखारी यांचे काम हळूहळू सरले. ज्या जगावर या लाँचने पहारा केला, ते जग असे मावळत गेले.

लाँचला जे नाव मिळाले, ते कोणा सेनापतीचे नव्हे. ऑटो लाउफर हे हॅम्बुर्गच्या इतिहास-संग्रहालयाचे पहिले संचालक. १९१९ पासून त्यांनी तेथील विद्यापीठात लोकजीवनाच्या अभ्यासाचे अध्यापन केले. सामान्य माणसांची घरे, अवजारे, भांडीकुंडी यांतही इतिहास असतो, ही त्या अभ्यासशाखेची दृष्टी. रोजच्या राबणुकीतील लाँचला त्यांचे नाव शोभते.

नदीकाठच्या एव्हेलगोने येथे १९७० नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी जुन्या जहाजांचे एक बंदर उभे केले. १८८८ सालचे ‘एल्ब ३’ हे दीपजहाज तेथेच आहे, आणि ही लाँचही त्याच मेळ्यातील. परंतु वाफेची लाँच नुसती बांधून ठेवल्याने टिकत नाही. थंड बॉयलरात वाफ धरावयास कित्येक तास लागतात. पाण्याची पातळी व वाफेचा दाब यांवर सतत नजर ठेवावी लागते, आणि सांध्यांना वेळच्या वेळी तेल द्यावे लागते. हे ज्ञान आगवाल्याच्या हातांत असते. ग्रंथांत त्याचा थोडाच अंश उतरतो. ते हात गेले, तर लाँच असूनही नसल्यासारखीच. म्हणून अशा संग्रहात एका पिढीने दुसरीला भट्टी पेटवावयास शिकविणे, हेच जतनाचे मुख्य काम ठरते.