यंत्राची नाडीपरीक्षा

कारंजा लाडजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. अशा वेगात इंजिनातील लहानसा दोषही जिवावर बेतू शकतो. नुकतेच खोलून पुन्हा जोडलेले इंजिन थरथरू वा खडखडू लागले, तर ते तत्काळ पुन्हा खोलणे शहाणपणाचे नव्हे. जाणता मिस्त्री वैद्याप्रमाणे आधी नाडी पाहतो.

पेट्रोलच्या इंजिनात तो पाळीपाळीने एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करतो. त्यामुळे चाल मंदावली, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथेच. सर्व सिलिंडर ठीक असतील, तर तो क्लच दाबून पाहतो. आवाज बदलला, तर क्लचवर संशय घ्यावा. थरथर वेगाबरोबर वाढत असेल, तर फ्लायव्हीलसारख्या फिरत्या भागांचा तोल तपासावा.

मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या चक्रावर, मध्यापासून 10 सेंटिमीटर अंतरावर, अवघे 10 ग्रॅम वजन अधिक असले, तरी त्याची ओढ सुमारे 10 किलोग्रॅम वजनाएवढी होते. वेग दुप्पट होताच ती चौपट होते!

म्हणून प्रथम ऐकावे, मग पडताळावे आणि शेवटी पाना हाती घ्यावा.